कबड्डीपटू ते प्रशिक्षक: विदर्भातल्या गावखेड्यांतून नेहमी येणारे प्रश्न

वजनगटाच्या स्पर्धांपासून सुरुवात करून जिल्हा, विद्यापीठ किंवा विदर्भ संघापर्यंत पोचलेले कितीतरी खेळाडू पंचविशी-तिशीत एका वळणावर येतात. गुडघा कुरकुरतो, घरचं वावर बोलावतं, आणि गावातली पोरं संध्याकाळी दारात येऊन विचारतात, “सर, आज सराव आहे का?” त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

मी चांगला खेळतो. मग शिकवताही येईलच ना?

आपोआप येत नाही. डावा कोपरा सांभाळणाऱ्याला दहा वर्षं एकच काम पुरतं. प्रशिक्षकाला सातही जागा समजाव्या लागतात. शिवाय तुमचं शरीर जे न सांगता करतं ते बारा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगावं लागतं. बहुतेक चांगले खेळाडू इथेच अडतात. “बघ, असं धर,” म्हणून दाखवतात, आणि पोरगा फक्त हात बघतो.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर घोट्याची पकड तोंडी सांगून बघा. साधारण असं यायला हवं: डोळे चढाईपटूच्या कमरेवर ठेवायचे, हातांवर नाही, कारण हात फसवतात आणि कंबर फसवत नाही. ज्या पायावर त्याचं वजन पडलं तोच पाय धरायचा. वजनाचा पाय लगेच उचलता येत नाही. वाकायचं ते गुडघ्यांतून. दोन्ही तळवे टाचेच्या वर, घोट्यामागे गुंफायचे आणि अंगठे बोटांना चिकटवायचे, नाहीतर झटक्यात अंगठा मोडतो. खांदा नडगीला भिडवायचा, डोकं त्याच्या पायांच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं, मग पाय मागे आणि वर ओढायचा. सगळ्यात जास्त चूक डोक्याची होते. मुलं कमरेतून वाकतात, डोकं दोन पायांच्या मधे जातं आणि चढाईपटूचा गुडघा नाकावर बसतो. हे तुम्हाला आधीच ठाऊक असलं तर ते नाक वाचतं.

मोठ्या खेळाडूंनाही हे दुसरं काम नव्यानेच शिकावं लागलं. मनप्रीत सिंग यांच्या नेतृत्वाखाली पाटणा पायरेट्सने प्रो कबड्डी जिंकली. प्रशिक्षक झाल्यावर त्यांचा गुजरातचा संघ लागोपाठ दोन हंगाम अंतिम सामन्यात हरला, आणि प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळालं ते २०२४ च्या डिसेंबरात, हरियाणा स्टीलर्सबरोबर. २०१६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार अनुप कुमार २०१८ च्या डिसेंबरात निवृत्त झाले आणि पुढच्याच हंगामात पुणेरी पलटणच्या बाकावर बसले. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या मुलींना घडवलं. त्याच इराणने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताला २७–२४ ने हरवलं.

प्रशिक्षक व्हायचं हे कधी ठरवावं? खेळणं थांबल्यावर?

खेळत असतानाच ठरवा. शेवटची तीन-चार वर्षं दोन्ही कामं चालू ठेवता येतात. त्या काळात तीन गोष्टी उरकून घ्या. पहिली, जिल्हा संघटनेची पंच परीक्षा. नियम पंचाच्या बाजूने शिकले की सामन्यात हुज्जत घालण्यात वेळ जात नाही, आणि रात्रीच्या स्पर्धांत पंच म्हणून थोडं मानधनही मिळतं. दुसरी, पदवी, ती नसली तर पुढचे बहुतेक दरवाजे बंद राहतात. तिसरी, गावातल्या १४ वर्षांखालच्या मुलांचा एक गट. मोठ्यांचा संघ आधी हाती घेऊ नका. तिथे कालचे सोबती असतात, आणि ते तुमचं ऐकायला तयार नसतात.

कोणता अभ्यासक्रम करावा? एनआयएस की बीपीएड?

दोन्हींचा उपयोग वेगळा आहे आणि गोंधळ इथेच होतो.

बीपीएड हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतर करायचा. शाळेत शारीरिक शिक्षण शिक्षक व्हायचं तर तो लागतोच. विदर्भात यासाठी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव आधी निघतं. १९१४ साली स्थापन झालेल्या याच मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. आपल्या भागाचं या खेळाशी इतकं जुनं नातं आहे.

एनआयएस म्हणजे पटियाळ्याची १९६१ साली सुरू झालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था. तिची एका वर्षाची प्रशिक्षण पदविका म्हणजे ‘प्रशिक्षक’ म्हणून खरी ओळख. शासकीय प्रशिक्षकपदाच्या जाहिरातींत तीच मागतात. पदविकेला पदवी आणि वरच्या पातळीवर खेळल्याची प्रमाणपत्रं लागतात, शिवाय मैदानी चाचणी असते. चाचणीत तिशी ओलांडलेले दमतात, म्हणून पंचविशीत जाणं सोपं. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. गावात नीट शिकवायचं असेल तर तो चांगला पाया आहे, पण जिथे पदविका मागितली आहे तिथे तो चालत नाही. पैसे भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक पूर्ण वाचा: त्या वर्षी कबड्डी आहे का, कोणत्या केंद्रावर आहे, वयाची अट काय.

ऐपत एकाच गोष्टीची असेल आणि घर चालवायचं असेल तर आधी बीपीएड करावं, असं आमचं मत आहे.

जुनी प्रमाणपत्रं कुठे उपयोगी पडतात? काही हरवली आहेत.

महाराष्ट्रात शासकीय आणि निमशासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पदाचा गट जितका वरचा, तितकी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. नुसतं प्रमाणपत्र दाखवून मात्र चालत नाही. विभागाच्या क्रीडा उपसंचालकांकडून, म्हणजे आपल्याकडे नागपूर किंवा अमरावतीहून, त्याची पडताळणी झालेली असावी लागते. पोरं जाहिरात आल्यावर धावतात आणि अर्जाची तारीख निघून जाते. ज्या वर्षी खेळलात त्याच वर्षी पडताळणीला टाका.

पडताळणीत संघटनेची नोंद तपासतात. म्हणून प्रमाणपत्रासोबत स्पर्धेचं परिपत्रक, संघाची यादी, सामन्यांचा तक्ता आणि निकालपत्रक यांच्या प्रतीही ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय का ते प्रमाणपत्र हाती येताच बघा. त्या दिवशी ते दुरुस्त होतं, आठ वर्षांनी होत नाही. लॅमिनेशन करू नका, कारण मागचा शिक्का आणि सही तपासताना अडचण येते. साधं प्लास्टिकचं पाकीट आणि मोबाइलमध्ये स्कॅन पुरे. हरवलं असेल तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, मग संघटनेला दुय्यम प्रतीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रशिक्षक झालात की ही जबाबदारी तुमच्या मुलांसाठीही तुमचीच. प्रत्येक मुलाची एक फाइल करा.

विदर्भाचा संघ वेगळा असतो की महाराष्ट्राचाच?

तीन वाटा आहेत. संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून उतरतो, म्हणजे जिल्ह्यातून थेट विदर्भाच्या निवड चाचणीला जाता येतं. शालेय स्पर्धांत (१४, १७ आणि १९ वर्षांखालील) तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य अशा पायऱ्या असतात, आणि तिथे पुणे-सांगली-कोल्हापूरकडच्या संघांशी गाठ पडते. विद्यापीठाची वाट तिसरी: नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीचं गोंडवाना. हुशार खेळाडूला तिन्हीकडे न्या. एका चाचणीत तो ताप घेऊन खेळला, म्हणून त्याचं वर्ष वाया जाऊ देऊ नका.

पोट भरतं का यात?

नुसत्या गावच्या प्रशिक्षणावर नाही. गावचा प्रशिक्षक बहुधा बिनपगारी असतो. उत्पन्न येतं ते शाळेतल्या किंवा आश्रमशाळेतल्या नोकरीतून, पोलीस-रेल्वेच्या नोकरीतून, क्रीडा विभागाच्या मानधनावरच्या पदांतून, खेलो इंडियाच्या केंद्रांतून आणि पोलीस भरतीच्या मैदानी तयारीच्या वर्गांतून. शेवटचा मार्ग गावात सगळ्यात लवकर चालतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त भरतीची गोळाफेक-धाव आणि कबड्डी यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. पैसे देणारे आणि न देणारे एकाच मैदानावर आले की न देणारी पोरं आपोआप मागे सरकतात, आणि त्यांतच तुमचा उद्याचा चढाईपटू असतो.

आमच्याकडे सगळी काळी माती. मैदान टिकतच नाही. काय करावं?

काळी कपाशीची माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर सरळ मुरूम टाकला की पहिल्या पावसात मुरूम खाली बसतो, आणि उन्हाळ्यात भेगा वरपर्यंत येतात. त्या भेगेत अडकून घोटे मुरगळतात. म्हणून माती काढावीच लागते.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८, दोन्हींत बाजूची १-१ मीटरची राखीव क्षेत्रं धरून. चारी बाजूंनी जागा सोडून १७ बाय १४ मीटरचा तुकडा एक फूट खोल उकरा. तळाशी २० सेंटिमीटर मुरूम हवा. दाबून झाल्यावर तो साधारण १७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरतो, पण ट्रॉलीत सुटा येतो म्हणून २० ते २१ ब्रास सांगा. तो एकदम ओतू नका. निम्मा टाकून पाणी मारा, एक रात्र मुरू द्या, रोलर फिरवा, मग उरलेला टाका. वरचा १० सेंटिमीटरचा थर चाळलेल्या पिवळ्या मातीचा. हा फक्त १५ बाय १२ मीटरवर पुरतो, म्हणजे साडेसहा ब्रास, आणि सुटी माती दबते म्हणून आठ मागवा. चाळणी वाळूची नको, बारीक हवी. मुरमाचा एक खडा वर राहिला तरी गुडघ्याचं सालपट निघतं.

मध्यरेषेपासून दोन्ही अंतिम रेषांकडे ६ ते ७ सेंटिमीटर उतार द्या. डोळ्याला दिसत नाही, पण पाणी थांबत नाही. कडेने एक वीतभर खोल चर खणा. पावसाळ्यात ढोरं आत येणार नाहीत असा काट्यांचा कुंपणवजा आडोसा करा, कारण ओल्या मैदानावरचा खूर वाळला की दगडासारखा होतो.

आखणी: निदान रेषा मध्यरेषेपासून पुरुषांना ३.७५ मीटर, महिलांना ३ मीटर. बोनस रेषा तिच्यापासून आणखी १ मीटर मागे. रेषा फक्कीनेच मारा. कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो.

पैसे नसतील तर अर्धं मैदान करा. शिकवण्याचं बहुतेक काम अर्ध्यात होतं.

मातीवर जिंकणारी मुलं राज्य स्पर्धेत मॅटवर हरतात. का?

मातीवर पाय थोडा घसरतो, आणि मुलांची वळणं त्या घसरण्याच्या हिशोबाने बसलेली असतात. मॅटवर पाय चिकटतो. शरीर वळतं, पाऊल राहतं, आणि गुडघा-घोटा पिरगळतो. दुसरं, मॅटवर चढाईपटूला सुरुवातीचा वेग जास्त मिळतो, त्यामुळे कोपरारक्षक अर्धा क्षण उशिरा पडतो. स्पर्धेआधी तीन-चार आठवडे कबड्डीचे बूट घालूनच सराव घ्या, आणि त्यातले निदान सहा दिवस जवळच्या क्रीडा संकुलात मॅटवर. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. फोडांनी संघ हरतो.

नव्या मुलांना पहिले सहा आठवडे काय शिकवायचं?

पडायला शिकवा. सगळ्यांत आधी तेच. जे मूल पडायला घाबरतं ते पकड करत नाही. पोत्यांत कुटार भरून किंवा धानपट्ट्यात तणस पसरून वर ताडपत्री टाका. आधी बसल्या जागेवरून, मग गुडघ्यांवरून, मग उभ्याने. हनुवटी छातीला, हात टेकायचा नाही, खांद्यावरून लोळायचं. हात टेकला की मनगट किंवा कोपर मोडतं.

पहिले दोन आठवडे पडणं, उभं राहण्याची ठेवण, पायकाम आणि दम. दम म्हणजे स्पष्ट, पंचाला ऐकू जाईल असं सलग ‘कबड्डी’. पुटपुटण्याची सवय लागली की पुढे गुण जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोट्याची आणि मांडीची पकड, दोघांची साखळी, आणि चढाईत हातस्पर्श, पायस्पर्श. पाचव्या-सहाव्यात ब्लॉक (चढाईपटूची वाट अडवणं), डॅश (धडक देऊन त्याला बाहेर ढकलणं), बोनस. डॅश सगळ्यांत शेवटी ठेवा, कारण तो जमायला लागला की पोरं बाकीचं सोडून तेच करतात.

पकड चढाईच्या आधी शिकवावी असं आमचं ठाम म्हणणं आहे. मुलांना चढाईच हवी असते. टीव्हीवर तीच दिसते. पण चढाईला एकावेळी एक जातो आणि बचावाला सात उभे असतात. ज्याला पकड कळते त्याला चढाईत कुठून धोका येणार हेही कळतं.

दीड तासाचं गणित असं ठेवा: १५ मिनिटं अंग गरम करणं, १५ पडणं आणि पायकाम, २५ एकच कौशल्य, २० छोटा खेळ (एक चढाईपटू, तीन बचावपटू), १० पूर्ण सामना, ५ ताण देणं. चाळीस मुलं आली तर तीन गट पाडा. एका रांगेत चाळीस उभी राहिली तर प्रत्येकाला तासात दोनच चढाया मिळतात.

सरावात मी स्वतः उतरावं का?

दाखवण्यापुरतं उतरा, सामन्यात नाही. ७५ किलोचा माणूस ४५ किलोच्या मुलावर डॅश मारतो तेव्हा मूल काही शिकत नाही, फक्त मार खातं. आणि तुम्ही आत असलात की बाकीच्या तेराजणांकडे कोण बघणार? अंगातली रग जायला वेळ लागतो, हे खरं. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस तुमच्या वयाच्या खेळाडूंसोबत खेळा.

पेरणी, रोवणी, कापूस वेचणी… पोरं येतच नाहीत.

वेळापत्रक शेतीला धरून लावा. शेतीची पोरं शेती सोडून येणार नाहीत, यावीतही का? जुलैत धानपट्ट्यात रोवणी असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापूस. शालेय स्पर्धा नेमक्या याच काळात येतात. म्हणून दमाची आणि ताकदीची बांधणी मार्च ते मे या महिन्यांत, पहाटे, आणि हंगामात आठवड्याला तीनच दिवस, तासाभराचा सराव. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या मुलीची कंबर आणि मांडीची मागची शीर आधीच ताणलेली असते. तिच्याकडून त्या संध्याकाळी घोट्याच्या पकडी करून घेतल्या तर शीर ओढलीच समजा. त्या दिवशी साखळीच्या जागा आणि पायकाम घ्या.

रात्रीच्या स्पर्धांबद्दल एक सूचना. नऊ वाजता पहिला सामना आणि पहाटे तीनला तिसरा, अशा वेळी अंग गार पडतं. दोन सामन्यांच्या मधे मुलांना स्वेटर घालून बसवा, आणि प्रत्येक सामन्याआधी १० मिनिटं अंग पुन्हा गरम करा. खायला केळी, गूळ-शेंगदाणे. आयोजकांचं जेवण सगळे सामने झाल्यावर.

उन्हाळ्यात सराव कसा घ्यायचा?

पहाटे साडेपाच ते सात, संध्याकाळी सूर्य कलल्यावर. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या दिवसांत संध्याकाळचा सराव बंद ठेवा, कारण मैदानच तापलेलं असतं. दर १५-२० मिनिटांनी प्रत्येकाने एक पेला पाणी प्यायचं, तहान लागो न लागो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी थोडं थोडं करून पोटात जायला हवं. घरची जलसंजीवनी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

मुलगा बरळायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत आडवं करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, आणि १०८ ला फोन करा. आधी थंड करणं, मग नेणं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सिकलसेल असलेल्या मुलाला खेळवावं का?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा प्रश्न प्रत्येक संघात आहे, आणि फार थोडे प्रशिक्षक तो विचारतात. सिकलसेल हा रक्ताचा आजार आई-वडिलांकडून येतो. एकाच बाजूने आला तर मूल वाहक (एएस), दोन्हींकडून आला तर रुग्ण (एसएस). तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू होते आणि पक्कं निदान मोठ्या दवाखान्यात होतं. हंगामाआधी सगळ्या मुलांची करून घ्या. अहवाल तुम्ही, मूल आणि पालक यांच्यापुरताच ठेवा. मैदानावर त्याचा उच्चार नको, गावात यावरून लग्नं मोडतात.

रुग्ण असलेल्या मुलाचं डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय काहीच ठरवू नका. त्याला खेळात ठेवायचं तर गुणलेखन, पंचगिरी, व्यवस्थापन ही खरी कामं आहेत.

वाहक मूल खेळू शकतं, पण चार गोष्टी पाळून. हंगामाच्या सुरुवातीला हळूहळू चढत जायचं. लागोपाठ पूर्ण ताकदीने धावायला लावायचं नाही, मधे पुरेशी विश्रांती द्यायची. पाणी कधी रोखायचं नाही. तापात किंवा जुलाबात सराव नाही. उशीर झाल्याची शिक्षा म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. वाहक मुलाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. ती बंदच करा, सगळ्यांसाठी.

ओळखायचं कसं? साधा गोळा आला की स्नायू दगडासारखा कडक लागतो आणि मूल ओरडतं. सिकलिंगमध्ये, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात तेव्हा, पाय दुखतात, त्यांतलं बळ जातं, मूल खाली बसतं, पण स्नायू हाताला मऊच लागतो. “नाटक करतोस,” म्हणू नका. तिथेच थांबवा आणि १०८ बोलवा. ऑक्सिजन लागतो, आणि वेळ कमी असतो.

५५ किलोच्या गटासाठी पोरं दोन दिवस उपाशी राहतात. चालतं का?

नाही. वजन काट्यावर उतरतं ते पाणी असतं. तेच पोरगं रात्री गोळे येऊन पडतं. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त कमी करायचं नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलाचं मुळीच नाही. त्याला वरच्या गटात खेळवा.

गुडघ्यात ‘कट’ असा आवाज आला. चोळून घेतलं तर बरं होईल?

चोळू नका. आवाज येऊन काही तासांतच गुडघा सुजला, तर आतला अस्थिबंध तुटल्याची दाट शक्यता असते. अशा गुडघ्याला चोळणं आणि ओढणं म्हणजे आतली गादीही फाडणं. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, पट्टी, पाय उंच, आणि अस्थिरोगतज्ज्ञ. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला नऊ महिने तरी धरा. सूज उतरली, चालता येतं, म्हणून सहाव्या आठवड्यात खेळलेले पुन्हा तुटतात. पुष्कळ खेळाडूंची कारकीर्द अशीच संपली. त्यांतले काही पुढे उत्तम प्रशिक्षक झाले, पण त्यांनीही हे सोसायला नको होतं.

मुलींचा संघ सुरू करायचा आहे. घरचे तयार नाहीत.

घरी जा. मुलीला निरोप देऊन बोलावू नका. आई-वडिलांसमोर बसा आणि वेळ, जागा, सोबत कोण, परत केव्हा हे सांगा. सराव दिवे लागायच्या आत संपवा. बाहेरगावी एक महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे, आणि ती नसेल तर संघ जाणार नाही, हे आधीच जाहीर करा. प्रत्येक दौऱ्यासाठी पालकांची लेखी संमती घ्या. मोबाइलचा गट पालकांसह. एकट्या मुलीशी बंद खोलीत बोलणं नाही, रात्रीचे खाजगी संदेश नाहीत. हात लावून पकड दाखवायची असेल तर दुसऱ्या मुलीवर दाखवायला सांगा. मैदानाजवळ शौचालय आहे का ते बघा. मुली गळण्याचं एक मोठं कारण तेच असतं. रक्त कमी असेल तर दम पुरत नाही. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा, आळशी ठरवू नका.

सामना चालू असताना बाकावरून काय करावं?

कमी बोला. प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन विराम मिळतात, आणि मुलांनी मैदान सोडायचं नसतं. त्यात एकच सूचना द्या, फार तर दोन. “जोर लावा” ही सूचना नाही. “त्यांचा सात नंबर उजवीकडूनच वळतो, साखळीने आत या” ही सूचना. पहिला विराम लोण बसण्याच्या (सगळा संघ बाद होण्याच्या) आधी घ्या, बसल्यावर नाही. मैदानात तीनच उरले असतील तर अव्वल पकडीचा जादा गुण लक्षात आणून द्या. समोर सहा किंवा सात असतील तर बोनस.

सरपंचांशी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांशी, वाद घालू नका. कार्ड संघाला पडतं.

आकड्यांची वही ठेवावी असं म्हणतात. काय लिहायचं?

पुरुषांच्या ४० मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून ८० च्या आसपास चढाया होतात. एका मुलाला पाठीशी बसवून प्रत्येक चढाईसाठी चार रकाने भरायला सांगा: कोण गेला, कुठल्या बाजूने, निकाल काय (गुण, रिकामी, बाद), आणि कोणी पकडलं. समजा एकाने २० चढाया केल्या: ६ यशस्वी, ९ रिकाम्या, ५ बाद. बाद झालेल्या पाचपैकी चार डाव्या कोपऱ्यात झाल्या असतील, तर पुढचा आठवडा कशाचा सराव घ्यायचा ते वहीच सांगते. वहीशिवाय लक्षात राहते ती फक्त शेवटची पकड.

“वय दोन वर्षं कमी लिहा, सगळेच करतात.” काय उत्तर द्यावं?

नाही म्हणा. पकडलं तर मुलावर बंदी येते आणि संघाची आधीची प्रमाणपत्रंही अडचणीत येतात. न पकडलं तर तुमच्याच संघातला खऱ्या वयाचा एक मुलगा बाहेर बसतो. जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाइड आणि आधार या तिन्हींवरची तारीख प्रवेशाच्या दिवशीच जुळवून बघा.

माझा सगळ्यात चांगला खेळाडू मोठ्या अकादमीत निघाला. थांबवू का?

जाऊ द्या, पण रिकाम्या हाताने नाही. त्याच्यासोबत त्याची फाइल, पडताळणीच्या पोचपावत्या, दुखापतींची नोंद, रक्ततपासणीचा अहवाल (पालकांच्या परवानगीने) आणि वहीतल्या मागच्या दोन हंगामांच्या पानांची झेरॉक्स द्या. तिथल्या प्रशिक्षकाला फोन करून दोन गोष्टी सांगा: कोणता गुडघा जपायचा, आणि पोरगं घरच्या आठवणीने कितव्या दिवशी परत निघायचं म्हणेल. तिथे राहण्या-जेवणाची, शाळेच्या प्रवेशाची आणि विम्याची चौकशी वडिलांसोबत स्वतः जाऊन करा. दिवाळीत तो गावी आला की लहान मुलांसमोर त्याच्याकडून एक सराव घेऊन घ्या. कदाचित पुढचा प्रशिक्षक तोच असेल.